घरमालक पाणी-वीज तोडू शकतो का? भाडेकरूंनी काय जाणून घ्यावं

डिसेंबर लागला की आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणारे पालक वाढतात. उर्दूतून शिकलेल्या माणसाला मराठी बोलता येतं, पण सरकारी कचेरीत द्यायचा अर्ज लिहायचा म्हटलं की हात थांबतो. मग ते मुलांच्या शिक्षकांना गाठतात. तक्रारी बहुतेक एकसारख्याच. मालकाने गिझरची लाइन काढून टाकली. पहाटे मोटर लावत नाहीत. बादलीत रॉड टाकला की खालून मेन स्विच पाडतात. घरात वर्षाचं बाळ, दम्याची म्हातारी आई, आणि फजरच्या वुजूला बर्फासारखं पाणी. सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणतात, "अर्जात मालकाचं नाव नका टाकू. घर खाली करायला लावतील."

ही भीती खोटी नाही. आपल्या लोकांना शहरातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये नाव ऐकूनच नकार मिळतो, त्यामुळे मोहल्ल्यातली दोन खोल्यांची जागा हातची जाऊ नये म्हणून माणूस थंड पाण्यानं अंघोळ करतो आणि गप्प बसतो. पण गप्प बसण्याआधी कायदा काय म्हणतो ते तरी माहीत असावं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याचं कलम 29 याच विषयावर आहे. भाडेकरू जी अत्यावश्यक सेवा वापरत आलाय, ती घरमालकाला योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय तोडता किंवा रोखता येत नाही. स्वतः नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई हे सगळं यात येतं. मालकाने बिल थकवलं आणि त्यामुळे पालिकेनं नळ तोडला, तर तेही मालकानेच तोडल्यासारखं धरलं जातं. हा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो.

आता गरम पाण्याचं. कायद्यात 'गिझर' हा शब्द नाही. मात्र घर देताना गिझर चालू होता आणि नंतर मालकाने त्याची वीज तोडली, तर प्रश्न विजेचा होतो, आणि वीज कलम 29 मध्ये आहे. याउलट गिझर कधी नव्हताच, तर मालकाने तो बसवून द्यावा असा दावा या कलमाखाली धरणं कठीण. जे मिळत होतं ते तोडलं, हे दाखवता आलं पाहिजे. गिझर बंद पडला तर दुरुस्ती कोणी करायची, हे घर घेतानाच करारात लिहून घ्यावं. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या आयत 282 मध्ये देण्याघेण्याच्या संदर्भात आलेली आहे, तरी आपल्यात "अपना ही आदमी है" म्हणून सगळं तोंडीच चालतं.

अर्ज कुठं करायचा? मुंबईत लघुवाद न्यायालयात. इतर ठिकाणी लघुवाद न्यायालय असेल तर तिथं, नसेल तर दिवाणी न्यायालयात. एका इमारतीतले भाडेकरू एकत्र अर्ज करू शकतात. आमच्या मते हेच उत्तम, कारण मग राग एकट्यावर निघत नाही. निकाल लागायच्या आधीच सेवा सुरू करण्याचा अंतरिम आदेश न्यायालय देऊ शकतं. आदेश मोडला तर रोज 100 रुपयांपर्यंत दंड. आणि सेवा तोडल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आज हजार रुपयांना कोण घाबरतं, हे खरंय. खरा उपयोग अंतरिम आदेशाचा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. 15100 ही त्यांची मदतवाहिनी आहे. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज घरातल्या बाईच्या नावानं करता येत असेल तर जरूर करावा.

स्वतःच्या खर्चानं वेगळं मीटर घ्यायचं असेल तर मालकाची 'एनओसी' लागतेच, असं सांगून परत पाठवलं जातं. तसं नाही. विद्युत कायदा, 2003 चं कलम 43 मालकाप्रमाणेच प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही वीज मागण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयानंही 2022 मध्ये म्हटलंय की मालक ना हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच वीज कंपनीनं बघायचं.

एक सावधगिरी. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. कलम 29 आपल्याला आपोआप लागू आहे, असं त्यानं धरून चालू नये. त्याची भिस्त करारातल्या शब्दांवर. म्हणून पाणी किती वेळ, गिझर कुणाचा, बिल कसं वाटायचं, ही तीन वाक्यं सही करण्याआधी त्यात घालून घ्यावीत.

दुसरी चूक म्हणजे रागानं भाडं थांबवणं. असं कधीच करू नका. भाडं थकलं की मालकाच्या हातात घर खाली करून घेण्याचं कारण येतं. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरनं किंवा बँकेतून पाठवा आणि पुरावा ठेवा. भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, कलम 26 प्रमाणे.

मालकाची बाजूही बघू. एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की शंभर युनिटनंतर दर चढतो, तीनशेनंतर आणखी, आणि बिल येतं मालकाच्या नावावर. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला जेमतेम अर्धा युनिट लागतो. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या तर महिन्याला 75 युनिट. हा आकडा कागदावर मांडला की सब-मीटर लावण्यावर दोघंही बऱ्याचदा तयार होतात. रॉडबद्दल तर मालकाचं म्हणणं रास्तच असतं. 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, आणि तो सहा अँपिअरच्या जुन्या सॉकेटला लावला तर वायर तापते. अर्थिंग नसेल तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी सोळा अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग मागावं, रॉडसाठी भांडू नये.

अर्ज लिहिताना तारीख महत्त्वाची. सेवा कधीपासून मिळत होती, कोणत्या दिवशी बंद झाली, कुणी बंद केली, मालकाला आधी कधी सांगितलं. बंद नळाचा, काढलेल्या वायरचा फोटो, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, भाड्याच्या पावत्या सोबत जोडा. पोलीस ठाण्यात गेलात आणि "ही दिवाणी बाब आहे" असं ऐकावं लागलं तरी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि हो, अर्जात मालकाचं नाव टाकावंच लागतं.