माघार दोघांची

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या वयोवृद्ध निवृत्त जवानापुढे 'बासष्ट' एवढा नुसता आकडा उच्चारला, तरी त्याच्या मनश्चक्षूंपुढे लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल) उभे राहतात, क्यूबा नव्हे. आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजा आपल्या हद्दीत घुसल्या आणि त्यानंतर दोनच दिवसांनी क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांची वार्ता अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी जगाला सांगितली, या दोन घटना एकमेकींपासून सर्वस्वी अलिप्त होत्या, असे जे आपल्याकडे गृहीत धरले जाते ते बरोबर नाही. भारताचा स्नेही म्हणवणाऱ्या मॉस्कोच्या 'प्रावदा' या मुखपत्राने २५ ऑक्टोबरला सीमाप्रश्नावरील चीनच्या प्रस्तावाची तरफदारी केली आणि क्यूबाचा पेच सैल होताच नोव्हेंबरच्या आरंभी पुन्हा तटस्थतेचा सूर धरला. अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर असताना पेकिंगचा रोष ओढवून घेणे सोव्हिएत पंतप्रधान क्रुश्चेव्ह यांना परवडणारे नव्हते, असाच याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

सर्वांत दृढमूल समजूत मात्र निराळी आहे. केनेडी ठाम राहिले, क्रुश्चेव्ह कचरले आणि क्षेपणास्त्रे निमूटपणे परत गेली, असे अद्याप सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, २७ ऑक्टोबरच्या सायंकाळी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांची भेट घेऊन, तुर्कस्तानात तैनात असलेली अमेरिकेची पंधरा 'ज्युपिटर' क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढून घेतली जातील अशी हमी दिली; मात्र त्याची जाहीर वाच्यता होता कामा नये, ही अट घातली. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून सोव्हिएत माघार जाहीर झाली, क्यूबावर आक्रमण न करण्याचे अमेरिकेचे वचनही जगाला कळले. 'ज्युपिटर' तेवढी १९६३ च्या एप्रिलपर्यंत गाजावाजा न करता हलवण्यात आली. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून दौंडकडच्या दोन भाऊबंदांचा तंटा पंचांपुढे यावा, एकाने चारचौघांदेखत चारीचे दार बंद करावे आणि दुसऱ्याने पुढे केव्हातरी, कोणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेताने, आपला पाइप काढून घ्यावा, तशातलीच ही तडजोड होती. तिचा निम्मा भाग दडवला गेल्यामुळेच उरलेल्या निम्म्याची दंतकथा झाली. रॉबर्ट केनेडींच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून या सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपण गाळला होता, अशी कबुली त्या पुस्तकाचे संपादन करणारे सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोतील परिषदेत दिली. केवळ डोळे वटारल्याने प्रतिस्पर्धी नमतो, हा धडा मधल्या सव्वीस वर्षांत किती मुत्सद्द्यांनी गिरवला असेल, कोण जाणे.

दोन्ही आरमारे समुद्रात एकमेकांना भिडण्याच्या बेतात होती आणि अखेरच्या क्षणी सोव्हिएत जहाजे वळली, हे चित्रही असेच रंगवलेले आहे. २४ ऑक्टोबरला क्यूबाभोवतीची अमेरिकी नाकेबंदी अमलात आली तेव्हा क्षेपणास्त्रे वाहणारी जहाजे शेकडो मैल दूर होती आणि मागे फिरलेलीही होती. खरा धोका होता तो पाण्याखाली. २७ तारखेला अमेरिकी विनाशिकांनी 'बी-५९' या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्यास भाग पाडण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट घडवले, तेव्हा तिच्यावर अण्वस्त्रयुक्त टॉर्पेडो आहे याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क तुटलेला आणि संतप्त कप्तान, अशा अवस्थेत आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला शांत केले, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या आठवणी सांगतात. त्याच दिवशी क्यूबावर एक अमेरिकी टेहळणी विमान पाडले गेले, वैमानिक मेजर अँडरसन मृत्युमुखी पडला, आणि तरीही केनेडींनी प्रत्युत्तराचा हुकूम दिला नाही. शहाणपण आणि दैव यांचे प्रमाण येथे नेमके किती, हे ठरवणे अवघड आहे. दैवाचा वाटा लहान नव्हता, एवढे मात्र निश्चित.

'तेरा दिवसांचा पेच' हा शब्दप्रयोगही ढोबळच. २८ ऑक्टोबरनंतर संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट हे इंदरजित रिखी या भारतीय सेनाधिकाऱ्याला लष्करी सल्लागार म्हणून बरोबर घेऊन हवानाला गेले. परंतु ज्यांना विश्वासात न घेता हा सौदा झाला होता त्या कास्त्रोंनी आपल्या भूमीवर तपासणी होऊ देण्यास साफ नकार दिला. अखेर परतणाऱ्या जहाजांवरील क्षेपणास्त्रांची पाहणी भर समुद्रातच करावी लागली. सोव्हिएत बाँबफेकी विमाने परत नेण्याचे ठरल्यावर नाकेबंदी उठली ती २० नोव्हेंबरला. आणि दुसऱ्याच दिवशी, चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली असताना, यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली.

राहता राहिला तो वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना जोडणारा, चित्रपटांतला 'लाल टेलिफोन'. पेचाच्या काळात वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीच्या सांकेतिक तारा नेण्यासाठी तारकंपनीचा पोऱ्या सायकलवरून येत असे, अशी आठवण डोब्रिनिन यांनी लिहून ठेवली आहे. आणि क्रुश्चेव्ह यांचा एक महत्त्वाचा खलिता पुरता हाती यायला जवळजवळ बारा तास लागले होते. म्हणून २० जून १९६३ च्या करारान्वये दोन राजधान्यांमध्ये थेट संपर्काची सोय झाली, पण ती दूरध्वनीची नव्हे, टेलिप्रिंटरची. कारण घाईने उच्चारलेल्या शब्दापेक्षा लिहिलेला मजकूर बरा, त्याचा तर्जुमाही नीट करता येतो आणि त्यावर विचारही करता येतो. ३० ऑगस्टला ती यंत्रे सुरू झाली, तेव्हा अमेरिकेने मॉस्कोला पाठवलेला पहिला मजकूर होता तो इंग्रजीची सव्वीसही अक्षरे ज्यात येतात असे, कोल्ह्याने कुत्र्यावरून उडी मारल्याचे, टंकलेखन शिकणाऱ्यांना पाठ असणारे वाक्य.