ढोलक ऐकू येते, बोल येत नाहीत

मालेगावात वाढलेल्या माणसाला लूमचा खटका समजावून सांगावा लागत नाही. रात्री तो थांबला तरच जाग येते. आमच्या अब्बांनी बत्तीस वर्षे लूम चालवले. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलत आणि आम्ही भावंडे त्याला रागीट स्वभाव समजत असू. टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून अम्मीशी त्यांची रोज खडाजंगी होई. खरे कारण त्यांचे कान होते, हे कळायला आम्हाला लाज वाटावी इतकी वर्षे लागली.

आणि ते कळले एका हेडफोनमुळे.

आमचा धाकटा पुण्यात शिकतो. गेल्या ईदला घरी येताना त्याने बुधवार पेठेतून दीड हजारांचा वायरचा हेडफोन आणला होता. त्याला बास लागतो, तोही दणदणीत. जेवणे झाल्यावर त्याने मस्करीत तो अब्बांच्या डोक्यावर चढवला आणि एक जुनी कव्वाली लावली. अब्बा आधी चमकले. मग डोळे मिटून मांडीवर ठेका धरू लागले. "अरे, ढोलक छातीत वाजतेय!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की शेजारच्या खाला दारात येऊन उभ्या राहिल्या. अम्मी हसता हसता डोळे पुसत होती. (कव्वाली ऐकावी की नाही, हा वाद आम्ही इथे उकरून काढत नाही. आमच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते.)

दुसऱ्या दिवशी धाकट्याला हेडफोन परत मिळेना. तिसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आले, की अब्बांनी फोनचा आवाज अगदी शेवटपर्यंत नेऊन ठेवला आहे. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "ढोलक येते, पण बोल येत नाहीत. म्हणून वाढवतो."

त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीच्या आलेखावर डावीकडची रेघ, म्हणजे खालचे सूर, बऱ्यापैकी ठीक होती. 2000 हर्ट्झच्या पुढे ती उतरू लागली आणि 4000 पाशी जिना कोसळावा तशी खाली आली. सततच्या गोंगाटाचा पहिला घाव साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासच बसतो. ढोलकाची थाप, डग्ग्याचा घुमारा हे सारे दोनशेच्या आत-बाहेर असते, म्हणून ते शाबूत राहिले. स, श, त, फ ही व्यंजने मात्र वरच्या पट्टीत असतात. ती गेली की आवाज येतो, शब्द येत नाही. शिवाय जोराचा बास वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतो, ही कानाची मूळ घडणच आहे. म्हणजे अब्बा जितका आवाज वाढवत होते तितके बोल आणखी बुडत होते.

इथून आम्ही तिघे भावंडे या विषयाच्या मागे लागलो.

धाकट्याचा पहिला उपाय ठरलेला होता: ॲम्प्लिफायर घ्यायचा. "बासला ताकद लागते," असे त्याला मित्रांनी सांगितले होते. कुणाकडून तरी त्याने वापरलेला व्हॉल्व्हचा ॲम्प आणला. पिवळसर उजेडाचे दोन दिवे, दिसायला फार देखणा. जोडून ऐकले तर बास वाढला होता खरा, पण भिजलेल्या गादीसारखा. डग्ग्यावर मनगट दाबून तबलजी जो सूर वळवतो तो ऐकूच येईना, नुसते धुम-धुम. आमची परीक्षा साधी आहे. उस्ताद झाकिर हुसेन यांचा एकल तबला लावावा. डग्ग्याचा सूर वळताना दिसला तर जोडी जमली, नाहीतर नाही.

दोष ना हेडफोनचा होता, ना त्या ॲम्पचा. जोडी चुकली होती. हेडफोनच्या विरोधाला इम्पिडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. स्वस्त हेडफोन बहुधा 16 ते 64 ओहमचे असतात. पण हा आकडा सगळ्या सुरांना एकच नसतो. पुष्कळ हेडफोनांत खालच्या सुरांपाशी तो चढतो. समजा, एरवी 32 असलेला विरोध तिथे 60 होतो. आता ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध 100 ओहम असेल, तर त्या जागी बास सुमारे 4 डेसिबलने आपोआप फुगतो, आणि हलणाऱ्या पडद्याला आवरायलाही ॲम्पचा हात ढिला पडतो. आतला विरोध 1 ओहम असेल तर हाच फरक डेसिबलच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा उरतो. ट्रान्सफॉर्मरशिवाय बांधलेले व्हॉल्व्हचे ॲम्प 300 ओहमच्या हेडफोनांसाठी छान असतात. आमच्या 32 ओहमवाल्याशी त्याचा निकाह लावणे हीच चूक. जाणकारांचा ठोकताळा असा, की ॲम्पचा विरोध हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. 32 ला 4 किंवा त्याखाली.

आणि ताकदीचे म्हणाल, तर तो हिशेब आम्ही वहीत मांडला तेव्हा थक्क झालो. एका मिलिवॉटला 100 डेसिबल देणारा 32 ओहमचा हेडफोन घ्या. फोनला जोडायचा डोंगल पुरता एक व्होल्ट देत असेल, तर 31 मिलिवॉट होतात, म्हणजे 115 डेसिबल! लूमखान्यातला आवाज शंभरच्या आसपास असतो. अब्बांनी बत्तीस वर्षे जे सोसले, त्याहून जास्त आवाज खिशातली वस्तू कानाला चिकटून देऊ शकते. मग मोठा ॲम्प कशासाठी? बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 अशा तीन ओहमांत मिळतो. त्यातला 250 चा असेल तर वेगळा ॲम्प घ्यावा. दीड-दोन हजारांच्या हेडफोनला आतला विरोध कमी असलेला आणि शांत वाजणारा एक छोटा डोंगल पुरतो. जुन्या संगणकाच्या पुढच्या जॅकमधून गुणगुण येत असते, तीही डोंगलने जाते. व्हॉल्व्हचा ॲम्प धाकट्याने परत केला. थोडे पैसे गेले, पण शिकवणी म्हणून फार नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 90 ला उरतात 4 तास, 100 ला अर्धा तासही नाही. हे धाकट्याला ऐकवले तेव्हा तो प्रथमच गप्प बसला. समोर अब्बा बसलेच होते.

मग जास्त बासचा हेडफोन वाईट का? आमचे मत उलटे झाले आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मनसन या दोघांनी 1933 साली दाखवून दिले, की आवाज हळू केला की माणसाला खालचे सूर आधी कमी ऐकू येतात. म्हणून हळू आवाजात गाणे पातळ वाटते आणि हात पुन्हा बटणाकडे जातो. बास मुळातच थोडा जास्त असलेला हेडफोन हळू लावला तरी भरलेला वाटतो. इशानंतर, घर झोपल्यावर, तेवढ्यासाठीच तो घ्यावा. 1984 पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जाणारा कॉसचा पोर्टा प्रो आम्हाला याच कारणाने आवडतो. 60 ओहम, स्पंजाच्या गाद्या, घडी घालून खिशात. बास गुबगुबीत आहे, फार खोल नाही. सोनीच्या एक्सबी मालिकेतले मोठ्या गाद्यांचे हेडफोन खोल जातात, पण उन्हाळ्यात कान उकडतात. मालेगावच्या मे महिन्यात हे लहान दुखणे नव्हे.

कान झाकणाऱ्या हेडफोनात बासचा निम्मा जीव गादीच्या बसण्यात असतो. फट राहिली की पहिला गळतो तो बास. चष्म्याची काडी ही एक फट. आमच्या बहिणीने तक्रार केली, की याच हेडफोनात तिला बास ऐकूच येत नाही. ती ओढणीवरून तो घालत होती! मधल्या कापडाच्या घडीतून सगळा घुमारा निसटत होता. तिने वायरचे, कानात रबरी बोंड बसणारे इअरफोन घेतले, ते ओढणीखाली बिनबोभाट बसतात. बोंडाचे माप मात्र तीनदा बदलून पाहावे लागले. एवढे केल्याशिवाय कुठल्याही इअरफोनला नावे ठेवू नयेत.

अब्बांसाठी डॉक्टरांना विचारून फोनच्या इक्वलायझरमध्ये वेगळी मांडणी ठेवली आहे. 125 हर्ट्झ 5 डेसिबल खाली, 2000 आणि 4000 थोडे वर. जेवढे वर केले तेवढा एकूण आवाज आधी खाली घ्यायचा, नाहीतर आवाज फाटतो. 6 डेसिबल वाढवणे म्हणजे चौपट ताकद मागणे. फोनमधली आवाजाची मर्यादाही बांधून टाकली. चारचौघांत बोलण्यासाठी त्यांना कानाचे मशीन मिळाले आहे. हेडफोन घालताना ते काढून डबीत ठेवतात, नाहीतर शिटी वाजते.

परवा धाकटा सुटीत आला तेव्हा त्याने चुकून स्वतःची बासवाली मांडणी चालू ठेवली. अब्बांनी दोन मिनिटे ऐकले, हेडफोन एका कानावरून सरकवला आणि म्हणाले, "बेटा, ढोलक जरा मागे बसव. बोल सुरू झालेत."