सहावा की सातवा?

प्लास्मिडचा गोल नकाशा या आठवड्यात काढायचा होता, पण तलासरीहून एका विद्यार्थिनीचा निरोप आला आणि माझ्या दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. 'सर, पुस्तकात सिकलसेलचा बदल सहाव्या अमिनो आम्लात आहे. एपमध्ये मोजलं तर सातव्यात येतो. फुकटचं सॉफ्टवेअर चुकतंय का? घरी सांगून विकतचं घेऊ?'

एप म्हणजे युटा विद्यापीठातल्या वेन डेव्हिस यांनी लिहिलेलं 'अ प्लास्मिड एडिटर'. तिने बीटा-ग्लोबिनच का उघडलं, हे विचारावंसं वाटलं नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सिकलसेल हा काही नुसता परीक्षेचा प्रश्न नाही.

तर मोजू. एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी. सिकलमध्ये या जीएजीचं जीटीजी होतं आणि तो सातवाच आहे. पण पहिल्या एटीजीने बसवलेलं मेथिओनिन साखळी तयार होता होताच छाटलं जातं. केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रम यांनी १९५७ साली ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याचं दाखवलं, ते रक्तातून काढलेल्या हिमोग्लोबिनवर. त्यात मेथिओनिन उरलेलंच नव्हतं. प्रथिनवाले व्हॅलिनपासून मोजतात म्हणून सहावा, एप एटीजीपासून मोजतं म्हणून सातवा. लाखाचं सॉफ्टवेअर आणलं असतं तरी सातच आलं असतं.

आता त्याच फाईलची एक प्रत करून त्या जीएजीतल्या ए च्या जागी टी टाइप करा आणि एन्झाइमांच्या यादीतून डीडीई-वन निवडा. हा एन्झाइम सीटी, मग कुठलंही एक अक्षर, मग एजी, एवढं दिसलं की कापतो. निरोगी जनुकात सीसीटी आणि जीएजीच्या सांध्यावर नेमकं सीटीजीएजी येतं. सिकलमध्ये तिथे सीटीजीटीजी होतं आणि कापायची खूण गायब. जेलवर तो तुकडा अखंड, लांबच राहतो. या एका खुणेवर सिकलचं जनुक ओळखता येतं, आणि पडद्यावर हे बघायला दमडी लागत नाही.

स्नॅपजीन देखणं आहे, पण नकाशे नुसते बघायचे तर त्याचं मोफत व्ह्यूअर पुरतं. बेंचलिंग महाविद्यालयांना फुकट मिळतं, मात्र ते ब्राउझरमध्ये चालतं. नेट गेलं की बसा हात चोळत. एप जुन्या लॅपटॉपवरही नेटशिवाय उघडतं, म्हणून माझं मत त्याला. शिवाय एक खोड मोडलेली आहे. एका महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला, तेव्हा माझे चार वर्षांचे नकाशे त्याच्या खास फाईलींत अडकून पडले. तेव्हापासून सॉफ्टवेअर कुठलंही असो, फाईल जेनबँकच्या साच्यातच जतन करतो. ती जवळपास सगळीकडे उघडते.

हे सगळं तिला कळवलं. बदललेलं अक्षर विसावं, हेही लिहिलं. परवा पुन्हा निरोप: 'सर, माझ्याकडे ७०वं येतंय!'

तिने एनसीबीआयवरून एमआरएनएची फाईल उतरवलेली. तिच्यात एटीजीच्या आधी ५० अक्षरं असतात. ५० आणि २०, ७०. मुलगी बरोबर मोजतेय.

नकाशा पुढच्या आठवड्यात. बहुतेक.