लाईट बिलातला न दिसणारा धूर



मागच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, "सेक्रेटरी, चूल जाऊन गॅस आला. आता आमच्या घरात धूर कुठे राहिला?" प्रश्न बरोबर आहे. पण घरातला धूर लाईट बिलात जाऊन बसलाय.

वडोदऱ्यात बिल दोन महिन्यांचं येतं. समजा 300 युनिट आले. देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, कारण बरीचशी वीज अजून कोळशावरची आहे. आपल्या महीच्याच काठी वणाकबोरीला कोळशाचं मोठं वीज केंद्र आहे. तर 300 युनिटचे झाले 210 किलो.

आता गॅस. 14.2 किलोचा बाटला संपला की साधारण 42 किलो. (बाटल्यापेक्षा वजन जास्त कसं? जळताना गॅसमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचं वजन वाढतं.) दोन महिन्यांत दोन बाटले धरले तरी 84 किलो. म्हणजे विजेचा धूर अडीचपट!

मग वीज खातं कोण? जुना पंखा 75 वॅटचा. रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिट. बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास, तो 11 युनिटांत भागवतो. उरलेली मासळी ठेवायला ज्यांनी घरी डीप फ्रीझर घेतलाय त्यांनी दाराचं रबर तपासावं. दारात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर गारवा बाहेर जातोय आणि मोटर उगाच चालतेय. बर्फाचा जाड थरही काढत जा.

स्वतःचं छप्पर असेल तर सोलर बघा. 1 किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात, म्हणजे दोन महिन्यांत 240. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000 आणि 2 किलोवॅटला 60,000 रुपये सबसिडी आहे. मात्र ती बसवल्यानंतर खात्यात येते, आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. नुसती सबसिडी ऐकून सही करू नका.

अर्ज भरायला मदत हवी असेल तर ताजं लाईट बिल आणि बँक पासबुक घेऊन संध्याकाळी ऑफिसला या.