फोनवरची फसवणूक: प्रश्न वयाचा की एकटं पडण्याचा?

रिसर्चचा विषय शोधताना बरेच जण घरातल्या एखाद्या काळजीपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. अडचण येते ती काळजीचा प्रश्न बनवताना, कारण काळजीत बहुतेक वेळा उत्तर आधीच धरलेलं असतं. आज असंच एक उदाहरण घेऊ: गावी राहणाऱ्या आई-वडिलांना फोनवरच्या भामट्यांपासून कसं वाचवायचं?

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर डोळ्यांसमोर आणा. समुद्र, शंकराचं देऊळ, नारळाच्या बागा. समजा, तिथल्या एका घरात आता म्हातारी दोघंच राहतात. मुलगा डोंबिवलीला, मुलगी पुण्यात. येणं गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. एक दिवस फोन येतो, ‘तुमच्या आधार नंबरवर पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत.’ मग कॉल ‘पोलिसां’कडे जातो. व्हिडिओवर वर्दीतला माणूस दिसतो आणि सांगतो की तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय. फोन ठेवायचा नाही, मुलांनाही सांगायचं नाही, आणि खात्यातले पैसे ‘तपासणीसाठी’ आम्ही देऊ त्या खात्यात भरायचे.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. तरी लोक फसतातच. का?

आपलं उत्तर तयार असतं: वय झालं, टेक्नॉलॉजी कळत नाही, माणसं साधी. हे उत्तर जरा तपासून बघू.

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून अशाच टोळीने सात कोटी रुपये उकळले. त्यासाठी सुप्रीम कोर्टाची खोटी ऑनलाइन सुनावणीसुद्धा उभी केली होती. ओसवाल तेव्हा ८२ वर्षांचे होते, पण आयुष्यभर मोठा उद्योग चालवलेल्या माणसाला ‘व्यवहार कळत नाही’ असं कोण म्हणेल? एका उदाहरणाने सिद्धांत उभा राहत नाही हे खरं. पण ‘भोळेपणा’ हे स्पष्टीकरण अपुरं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता वयाकडे बघू. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते. तक्रार करणाऱ्यांपैकी पैसे खरोखर गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण विशीतल्यांमध्ये जास्त असतं. वयस्करांमध्ये ते कमी असतं, पण पैसे गेले तर रक्कम मोठी असते. म्हणजे ‘जास्त फसणं’ आणि ‘जास्त गमावणं’ ही दोन वेगळी व्हेरिएबल्स झाली. शिवाय हा सगळा डेटा तक्रार करणाऱ्यांचा. लाजेपोटी गप्प बसलेला माणूस त्यात येतच नाही. असा डेटा वापरणार असाल तर ही मर्यादा पहिल्याच पानावर लिहा.

तिसरा पुरावा प्रयोगाचा. किर्कान्स्की आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा एक पेपर आहे. त्यांनी ६५ ते ८५ आणि ३० ते ४० अशा दोन वयोगटांतल्या लोकांच्या भावना मुद्दाम तीव्र केल्या, काहींच्या आनंदाच्या दिशेने, काहींच्या रागाच्या. मग दिशाभूल करणाऱ्या जाहिराती दाखवल्या. ज्यांच्या भावना खरोखर उसळल्या, त्यांची ती वस्तू घ्यायची तयारी वाढली, आणि दोन्ही वयोगटांत या परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही. प्रयोगशाळेतली जाहिरात म्हणजे पोलिसांची धमकी नव्हे, हे लक्षात ठेवू. पण आपला प्रश्न आता सरकला: ‘कोण फसतं?’ याऐवजी ‘कुठल्या परिस्थितीत माणूस फसतो?’

इथे स्टॅन्ली मिलग्रॅमचे येल विद्यापीठातले १९६० च्या दशकातले प्रयोग आठवतात. राखाडी कोटातल्या माणसाच्या सांगण्यावरून लोक दुसऱ्याला (खोटे) विजेचे झटके कुठपर्यंत देतात, हे तो बघत होता. सगळ्यात प्रसिद्ध आकडा ६५ टक्क्यांचा: एवढे लोक शेवटच्या बटणापर्यंत गेले. पण खरी गंमत प्रयोगाच्या बदललेल्या रूपांमध्ये आहे. हुकूम फोनवरून दिला तेव्हा हे प्रमाण साधारण २० टक्क्यांवर आलं. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी ‘आम्ही नाही करणार’ म्हटलं, तेव्हा १० टक्क्यांवर.

आता भामट्यांची पद्धत पुन्हा बघा. नुसत्या फोनवरून व्हिडिओवर जायचं, वर्दी दाखवायची, आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणायचं. अधिकार डोळ्यांसमोर आणायचा आणि शेजारचा ‘नाही’ म्हणणारा माणूस काढून टाकायचा. हा अर्थ मी लावलेला आहे, मिलग्रॅमने फसवणुकीवर प्रयोग केले नव्हते. पण या अर्थातून तपासता येईल असं गृहीतक निघतं: बोलणं चालू असताना तिसरं माणूस मध्ये आलं तर पैसे जाण्याची शक्यता घटते.

मुंबईचं एक प्रकरण या दिशेने बोट दाखवतं. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात वीस कोटींहून जास्त रक्कम गेली. त्यांच्या वागण्यातला बदल आधी लक्षात आला तो घरात काम करणाऱ्या बाईच्या, आणि तिने मुलीला सांगितलं.

मग करायचं काय? ‘अनोळखी फोन घेऊ नका’ हा सल्ला गावात टिकत नाही. गॅसवाल्याचाही फोन अनोळखी नंबरवरून येतो. त्यापेक्षा घरात एकच नियम ठरवा: पैशांचं किंवा पोलिसांचं नाव निघालं की फोन ठेवायचा आणि ठरलेल्या माणसाशी बोलायचं. हा माणूस शक्यतो वाडीतलाच हवा, कारण डोंबिवलीतला मुलगा मीटिंगमध्ये असू शकतो. त्या शेजाऱ्यालाही ही जबाबदारी नीट समजावून सांगा. एफडी मोडायला बँकेत जायची वेळ आली तर एकट्याने जायचं नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. आणि ‘तुम्ही ओरडा खाणार नाही’ हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. ओरड्याच्या भीतीनेच तर हे तास वाया जातात.

एकदा सांगून भागत नाही. बर्क आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात छोट्या ऑनलाइन व्हिडिओ आणि मजकुरानेही लोकांची सावधगिरी वाढली, पण तीन महिन्यांनी परिणाम टिकला तो मध्ये पुन्हा आठवण करून दिलेल्यांमध्येच. गणपतीत सांगितलेलं शिमग्यापर्यंत पुरेल, असं धरून चालू नका. दिवाळीच्या फोनवर नियम परत विचारा.

यावर कोणाला खरंच संशोधन करायचं असेल तर दोन गोष्टी. ‘तुम्ही फसाल का?’ असं प्रश्नावलीत विचारू नका; सगळे ‘नाही’च म्हणतात. आणि परीक्षा म्हणून ज्येष्ठांना खोटा धमकीचा फोन करणं एथिक्स कमिटीत बसणार नाही, बसूही नये. त्याऐवजी ज्यांना असा फोन आला पण ज्यांचे पैसे वाचले, त्यांना भेटा. फोन नेमका कुठल्या क्षणी तुटला आणि तेव्हा घरात कोण होतं, हे विचारा. तक्रारींच्या डेटामध्ये ही माणसं फारशी सापडत नाहीत, पण वाडीत चार घरं फिरलात तर भेटतील.