निळ्याचा जांभळा होताना : छपाईतील रंगांविषयी

स्मरणिकेचा मागील अंक ज्यांच्या संग्रही असेल त्यांनी तो एकदा उन्हात नेऊन पाहावा. ध्वजारोहणाच्या वेळी आपण ज्या निळ्या झेंड्यापुढे उभे राहतो, तो त्या मुखपृष्ठावर जांभळा आहे. वांग्याच्या सालीचा असतो तसा. प्रकाशन समारंभातच कुजबुज सुरू झाली होती. मुद्रणालयात विचारणा केली तेव्हा ‘संगणकावर निळाच होता’ असे उत्तर मिळाले आणि ते खरे होते. आम्हीही तो संगणकावर पाहूनच संमती दिली होती.

त्याच अंकात वसतिगृहातील आठवीच्या मुलींचे सामूहिक छायाचित्र आहे. अंक हातात पडल्यावर एका आईने पानावर बोट ठेवून विचारले, “सर, ही माझीच लेक ना? एवढी गोरी कधी झाली?” सगळे हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. फोटो पुन्हा छापायचा का, असे आम्ही तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “राहू द्या सर. असाच छान आहे.” झेंड्याच्या जांभळ्या रंगापेक्षा या उत्तराने आम्हाला अधिक अस्वस्थ केले. यंदाच्या अंकाचे काम हाती घेतले तेव्हा या दोन्ही चुका मुळापासून समजून घ्यायच्या असे आम्ही संपादक मंडळाने ठरवले. त्यातून जे शिकलो ते येथे मांडत आहोत. कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज जयंतीचे फलक, मंगलपरिणयाच्या पत्रिका आणि मंडळांची पत्रके स्वतःच तयार करतात.

पहिली गोष्ट ही की, संगणकात रंग नसतो, आकडे असतात. पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे ० ते २५५ असे तीन आकडे नोंदवलेले असतात. पण तेच आकडे दोन भ्रमणध्वनींवर दोन वेगळे रंग दाखवतात, कारण दोन्ही पडद्यांचे दिवे आणि गाळण्या वेगळ्या असतात. आकड्याला एकक नसेल तर तो निरर्थक असतो, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘शेत तीन आहे’ असे कोणी म्हणाले तर आपण लगेच विचारतो, तीन एकर की तीन गुंठे? छायाचित्राच्या फाइलला जोडलेले रंगाचे प्रोफाइल हे असे एकक आहे. हे आकडे कोणत्या मापाने वाचायचे, ते त्यावरून कळते.

मग या सर्व मापांचे मूळ माप कोणते? तर माणसाचा डोळा. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. राइट यांच्या प्रयोगात १० आणि गिल्ड यांच्या प्रयोगात ७ निरीक्षक होते. प्रत्येकाने तीन रंगांचे प्रकाश कमीअधिक मिसळून समोरच्या रंगाशी जुळवायचे होते. त्या १७ जणांच्या नोंदींवरून १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित केला, आणि कोणताही रंग यंत्रनिरपेक्ष आकड्यांत सांगण्याची सोय झाली. आपल्या राष्ट्रध्वजाचे केशरी, पांढरा, हिरवा आणि चक्राचा निळा हे रंगही भारतीय मानकात याच पद्धतीच्या निर्देशांकांनी ठरवून दिलेले आहेत. पुढे १९९३ साली संगणक आणि छपाई क्षेत्रातील आठ कंपन्यांनी एकत्र येऊन प्रोफाइलची सामाईक पद्धत ठरवली. कॅमेरा, पडदा, छपाई यंत्र या प्रत्येकाचे आकडे डोळ्याच्या त्या मापात कसे वाचायचे याचा तक्ता म्हणजे प्रोफाइल.

येथे आम्ही स्वतः केलेली एक चूक सांगितली पाहिजे. फोटोशॉपमध्ये ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ अशा दोन आज्ञा एकाखाली एक असतात. आम्ही बरेच दिवस त्या एकच समजत होतो. तीन एकराच्या उताऱ्यावरील ‘एकर’ खोडून तेथे ‘गुंठे’ लिहिले, तर आकडा तोच राहतो पण जमीन जाते, हे असाइन. तीन एकराचे १२० गुंठे लिहिले, तर आकडा बदलतो पण जमीन तेवढीच राहते, हे कन्व्हर्ट. रंग टिकवायचा असेल तर दुसरी आज्ञा हवी. पहिली केवळ तेव्हाच वापरावी, जेव्हा फाइलला एककच नसते आणि ते कोणते असावे हे आपल्याला ठाऊक असते. इंटरनेटवरील व साध्या कॅमेऱ्यातील बहुतेक चित्रे एसआरजीबी या मापातली असतात. आयफोनसारख्या काही भ्रमणध्वनींतील चित्रे त्याहून विस्तृत अशा मापात असतात, आणि ती एसआरजीबी समजून वाचली तर फिकी दिसतात.

आता झेंड्याकडे येऊ. पडदा प्रकाश देतो, तर कागदावरील शाई प्रकाश शोषते. छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांनी होते. निळ्यासाठी स्वतंत्र शाई नसते. सायन आणि मॅजेंटा एकावर एक छापून तो मिळवावा लागतो. या शाया आदर्श नसतात, त्यामुळे दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात आल्या की मिश्रण जांभळ्याकडे झुकते. आमच्या चित्रकाराने पडद्यावरील सर्वांत तेजस्वी निळा निवडला होता : लाल ०, हिरवा ०, निळा २५५. हा रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरचा आहे. फोटोशॉपच्या प्रचलित अमेरिकन प्रोफाइलने त्याचे रूपांतर केले की सुमारे ८८ टक्के सायन आणि ७७ टक्के मॅजेंटा येतो. हाच तो वांग्याचा रंग.

आवाक्याबाहेरच्या रंगांचे काय करायचे, याचे मुख्य मार्ग दोन. आपल्या भोजनगृहातील पंगतीचे उदाहरण घेऊ. चाळिसांच्या जागेत साठ मुले बसवायची आहेत. एक तर सगळेच थोडे थोडे सरकून बसतात. जागा सर्वांची आक्रसते पण एकमेकांतील अंतराचे प्रमाण राहते. छायाचित्रांसाठी हा मार्ग बहुधा बरा. किंवा ज्यांना जागा मिळाली ते ऐसपैस बसतात आणि उरलेले सारे कडेच्या जागेवर एकमेकांच्या मांडीवर येतात. आवाक्यातले रंग यात अचूक राहतात, पण बाहेरच्या निरनिराळ्या छटा एकाच छटेत कोंबल्या जातात. मागील अंकात भन्तेजींच्या चीवराच्या घड्या दिसेनाशा होऊन नुसता केशरी पट्टा उरला, त्याला हे एक कारण होते. दुसरे कारण आधीचेच : कडक उन्हात भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने लाल रंगाचे आकडे २५५ वर नेऊन थोपवले होते. फोटो काढतानाच गेलेली घडी कोणतेही प्रोफाइल परत आणू शकत नाही.

चित्रांतील रंगांचे रूपांतर प्रोफाइलवर सोपवावे. पण ध्वजासारखा सपाट रंग थेट शाईच्या टक्क्यांत ठरवावा, हे आमचे आता मत झाले आहे. निळ्यासाठी मुद्रणव्यवसायात एक ढोबळ नियम सांगतात : सायनपेक्षा मॅजेंटा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा. यंदाच्या मुखपृष्ठासाठी आम्ही १०० टक्के सायन आणि ६० टक्के मॅजेंटा ठरवला. त्या निळ्याची खास शाई तयार करून पाचवी प्लेट लावता आली असती, पण तेवढा खर्च झेपणारा नव्हता. पंचशील ध्वजाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. १८८५ साली कोलंबोत साकारलेल्या या ध्वजात नील, पीत, लोहित, ओदात आणि मञ्जेट्ठ असे पाच रंग आहेत. लोहित म्हणजे लाल आणि मञ्जेट्ठ, जो आज नारंगी दाखवतात, यांच्यातला फरक छपाईत सर्वांत आधी पुसला जातो. नारंगीत मॅजेंटा पिवळ्याच्या निम्म्यावर ठेवला की दोन पट्टे दोनच दिसतात.

मुलींच्या छायाचित्राची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिची सुरुवात मुद्रणालयात झाली नव्हती. आम्ही तो फोटो भर दुपारी, पांढऱ्या गणवेशात, पांढऱ्या भिंतीपुढे काढला होता. कॅमेरा दृश्यातील उजेडाची सरासरी काढतो. इतके पांढरे दिसल्यावर त्याने प्रकाश कमी घेतला आणि चेहरे काळोखात गेले. त्यातच आतील पाने मॅपलिथो कागदाची. आर्ट पेपरच्या तुलनेत हा कागद शाई अधिक पितो, शाईचे ठिपके पसरतात आणि चित्राचा मधला भाग आणखी गडद होतो. त्या कागदाचे प्रोफाइल वापरले असते तर या पसरण्याची वजावट आधीच झाली असती. तसे न झाल्याने संगणकचालकाने अनुभवी नजरेने चेहऱ्यांतील सायन आणि काळा काढून टाकला. त्याच्या मते त्याने फोटो ‘साफ’ केला होता.

हा ‘साफ’ शब्दच मुळात तपासण्याजोगा आहे. सावळ्या त्वचेत पिवळा आणि मॅजेंटा यांच्या जोडीला सायन भरपूर असतो. त्वचा जितकी गडद तितका सायन अधिक, आणि त्यावर काळ्याचीही जोड. तो काढला की चेहरा उजळत नाही, दुसऱ्या कोणाचा तरी होतो. नजरेने दुरुस्ती करणारा माणूस मनातल्या कोणत्यातरी नमुन्याशी जुळवत असतो, आणि तो नमुना कोणाचा हे विचारले जात नाही. हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत छायाचित्रांचे यंत्र जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड देत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा ठीक आली म्हणजे यंत्र ठीक, असे कित्येक वर्षे मानले गेले. कृष्णवर्णीय मुलांचे चेहरे मात्र वर्गाच्या फोटोंत काळ्या डागांसारखे येत. फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून आग्रह धरणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी सामानाचे उत्पादक होते, हे वाचून आम्ही काही वेळ गप्पच बसलो. अनेक वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९०च्या दशकात आले. आज आपल्या हातातील भ्रमणध्वनी ‘ब्यूटी’ नावाखाली न विचारता त्वचा उजळतो. तो पर्याय बंद करूनच शाळेतील फोटो काढावेत, ही सर्व पालकांना विनंती.

यंदा सामूहिक छायाचित्रे सकाळी, व्हरांड्याच्या सावलीत, करड्या भिंतीपुढे काढली आणि प्रकाशाचे माप चेहऱ्यांवरून घेतले. पहिल्या फोटोत एका मुलीच्या हाती करडे कार्ड दिले, म्हणजे उजेडाचा निळसर वा पिवळसर झाक नंतर वजा करता येतो. (अजिंठ्याच्या सहलीचे फोटो मात्र हातचे गेले. तेथे फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण मंद दिव्यांत कार्ड धरायचे कोणालाच सुचले नाही, त्यामुळे भिंतींवरचा लाजवर्दाचा निळा आमच्याकडे शेवाळी झाला आहे.) संगणक कक्षातील एका मॉनिटरचे मापन उपकरण लावून करून घेतले : पांढरा ६५०० केल्विन, उजेड बेताचा, रात्रीचा पिवळा प्रकाश बंद. चित्रांसाठी गिंप आणि पानांसाठी स्क्रायबस ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य असून प्रोफाइल पाळतात. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचे, म्हणजे पहिल्या तुकडीच्या फोटोंचे, चार रंगांत रूपांतर न करता ते केवळ काळ्या शाईत दिले आहेत. चार शायांचा तोल जरासा ढळला तरी असे फोटो हिरवट किंवा गुलाबी होतात. मजकुराचा काळाही काळ्या शाईचाच असावा, नाहीतर अक्षरांना रंगीत कडा येतात.

प्रूफ कोणत्या उजेडात पाहायचे हा शेवटचा प्रश्न होता. मुद्रण व्यवसायाचे प्रमाण ५००० केल्विनचा प्रकाश हे आहे. मुद्रणालयातील ट्यूबलाइटखाली बरोबर वाटणारा रंग बाहेर आल्यावर बदलू शकतो. प्रमाण दिव्याची पेटी आमच्याकडे नाही, म्हणून सकाळी दहा वाजता व्हरांड्यात, थेट ऊन टाळून पाहायचे ठरवले. मुलींच्या पानाचे प्रूफ आले तेव्हा आम्ही त्यांनाच बोलावले. ती मुलगी आता नववीत आहे. तिने प्रूफ हातात घेतले, दुसरा हात त्याच्या शेजारी धरला आणि बराच वेळ पाहून म्हणाली, “सर, माझा हात याच्यापेक्षा थोडा काळा आहे.” उपकरणाने मोजले नव्हते, पण तिचे म्हणणे बरोबर होते. ते पान आम्ही परत पाठवले. दुसरे प्रूफ तिने आणि तिच्या मैत्रिणींनी पाहिले, मगच छपाईला संमती दिली.

या अंकातील सर्व छायाचित्रांच्या मूळ फाइल, कोणताही बदल न करता, प्रोफाइलसह शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. ठरवलेल्या निळ्याचे टक्के आणि त्याचा छापील नमुना फलकाच्या कामांसाठी कार्यालयात मिळेल. नमुना आर्ट पेपरवरचा आहे, कापडावर वा फ्लेक्सवर तेच टक्के तोच रंग देणार नाहीत, तेव्हा आधी तुकडा छापून पाहावा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या काळातील फोटो पुढील अंकासाठी जरूर पाठवावेत. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, कारण फोटो म्हणून पाठवले की आकार आणि तपशील दोन्ही कमी होतात. आणि पाठवण्यापूर्वी कृपया ते उजळ करू नयेत.