विमानाचा प्रवास आणि जोखमीचे सामान

श्रोतेहो, एस.टी.च्या टपावर सायकल टाकून किंवा रेल्वेच्या डब्यात बाकाखाली हॉकी-स्टिकांचा जुडगा सरकवून आपल्या भागातील कितीतरी संघ गावोगावचे सामने खेळून आले. त्या प्रवासात सामानाविषयी फारसे कायदे नव्हते. होती ती केवळ जागेची अडचण. विमानाची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक किलोचा हिशेब असतो, प्रत्येक वस्तूच्या स्वभावाची चौकशी असते, आणि आपण निरुपद्रवी समजतो ती वस्तू तपासणीच्या यंत्रापुढे अचानक संशयास्पद ठरते. आज ह्याच चौकशीमागील कारणे थोडी उलगडून पाहावयाची आहेत. कारण नियम पाठ करण्यापेक्षा त्यांतील हेतू समजून घेतला की नियम आपोआप ध्यानात राहतो.

हा प्रश्न बेळगाव-निपाणीकरांच्या दाराशी आलेला आहे. सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून उभा राहिला. त्याची नवी इमारत २०१७ मध्ये खुली झाली, आणि ‘उडान’ योजनेमुळे अनेक शहरांची वाट तेथून मोकळी झाली. निपाणीकरास कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ त्याहूनही जवळ. परदेशातून सुट्टीस येणारी मंडळी गोव्याच्या दाबोळीस किंवा २०२३ पासून सुरू झालेल्या मोपास उतरून घाट चढतात. खेळाडूंची तर येथे परंपराच आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकीसंघात बेळगावचे बंडू पाटील होते. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी कुराश ह्या खेळात कांस्यपदक पटकाविले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल-नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. ह्या तिघांच्या सामानाचा विचार केला तरी आपला विषय अर्धा उलगडतो. कुराशच्या खेळाडूचे सामान म्हणजे पोशाख. त्यास कोणी अडवीत नाही. हॉकीपटूची काठी लांब आणि टणक. नेमबाजाची रायफल तर उघड उघड शस्त्रच.

प्रथम सामानाचे दोन वर्ग ध्यानी घ्यावेत. एक, प्रवाशाजवळ राहणारे हातातील सामान. दुसरे, चेक-इन करून विमानाच्या पोटात जाणारे. देशांतर्गत प्रवासात साधारणतः सात किलो हाती आणि पंधरा किलो पोटात, असा बहुतेक कंपन्यांचा हिशेब असतो. ह्या दोन वर्गांमागे दोन भिन्न भीती आहेत. हातातील सामानाविषयी भीती ही, की त्या वस्तूने कोणी कोणास इजा करील. पोटातील सामानाविषयी भीती ही, की ती वस्तू आपण होऊन पेटेल आणि तेथे विझविण्यास कोणी पोचू शकणार नाही. पहिली भीती माणसाची, दुसरी वस्तूची. एवढे एक सूत्र हाती धरले, तर बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपली आपणास देता येतात.

क्रिकेटची बॅट, हॉकीची स्टिक, गोल्फच्या काठ्या, धनुष्यबाण, आखाड्यातील गदा किंवा मर्दानी खेळातील दांडपट्टा ह्या साऱ्या वस्तू पहिल्या भीतीच्या कक्षेत येतात. त्या हातात नेता येत नाहीत. चेक-इनच्या सामानातच द्याव्या लागतात. येथे अडचण लांबीची येते. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत असावी, असे मोजमाप अनेक कंपन्या धरतात. त्यापुढील सामान ‘अवजड’ ठरते. शिवाय एक नग ३२ किलोंहून जड असू नये, हा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. त्याचे कारण यंत्रात नाही, माणसात आहे: ती पेटी उचलणाऱ्या कामगाराची पाठ मोडू नये, म्हणून तो केलेला आहे.

आपल्या भागातून उडणारी विमाने पुष्कळदा पन्नास ते ऐंशी आसनांची असतात, हेही विसरता कामा नये. त्यांच्या सामानकक्षाचे दार लहान, जागा बेताची, आणि वजनाचा तोल फार काटेकोर. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानात जी सायकल सहज मावते, ती ह्या लहान विमानात मावेलच असे नाही. म्हणून सायकल, मोठे वाद्य किंवा लांब पेटी न्यावयाची असल्यास तिकीट काढतानाच कंपनीस कळवून होकार घ्यावा. सायकलीचे पेडल काढावे, हँडल वळवून चौकटीस समांतर करावे, आणि नाजूक भागांस कापड गुंडाळावे.

चाकातील आणि चेंडूतील हवा थोडी सोडावी, असे कंपन्या का सांगतात? विमानाच्या पोटात हवेचा दाब नसतो आणि चेंडू फुटतो, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. आजच्या प्रवासी विमानात सामानकक्षालाही प्रवासीकक्षाप्रमाणेच दाब दिलेला असतो. मात्र तो जमिनीवरच्याइतका नसतो. समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर जितका असावा तितका असतो. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. तेथे बाहेरच्या हवेहून आठ-दशांश वातावरण अधिक दाबाने फुटबॉल भरला, तर उड्डाणात बाहेरचा दाब घटल्याने तोच फरक एक वातावरणाच्या जवळ जातो. आणि चेन्नईस समुद्रकाठी उतरल्यावर तो सात-दशांशाच्या आसपास येऊन चेंडू थोडा मऊ वाटतो. चांगला चेंडू एवढा ताण सहज सोसतो. परंतु काठोकाठ भरलेली जुनी ट्यूब सोसेलच असे नाही. म्हणून थोडी हवा सोडणे हे शहाणपण.

नेमबाजाच्या सामानास अर्थातच सर्वांहून कडक नियम आहेत. ५० मीटर रायफलीचे वजन आठ किलोंपर्यंत असू शकते. पेटी धरून ते पंधरा किलोंच्या मर्यादेचा बराच भाग खाऊन टाकते. शस्त्रास्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम यांनुसार परवाना जवळ बाळगावा लागतो. रायफल रिकामी करून कुलूपबंद पेटीत द्यावी लागते आणि चेक-इनच्या वेळी ती स्वतः होऊन जाहीर करावी लागते. काडतुसे रायफलीपासून वेगळी, भक्कम बांधलेली, आणि बांधणीसह पाच किलोंच्या आत असावी लागतात. हवेच्या बंदुकीस परवान्याची कटकट कमी असली, तरी तिच्या नळकांड्यातील हवा दोनशे वातावरणांइतक्या दाबाने कोंडलेली असते. ते रिकामे करून वेगळे ठेवावे. ह्या सर्व सोपस्कारांस वेळ लागतो. इतर प्रवाशांपेक्षा तास-दीड तास आधी पोचणारा नेमबाज निश्चिंत राहतो. ऐनवेळी येणाऱ्याची स्पर्धा विमानतळावरच संपते.

आता दुसऱ्या भीतीकडे, म्हणजे आपण होऊन पेटणाऱ्या वस्तूंकडे वळू. हा धोका केवळ नव्या यंत्रांचा आहे असे नाही. आपल्या स्वयंपाकघरातील सुके खोबरे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत १३६३ ह्या क्रमांकाखाली नमूद आहे. त्यातील तेलाचा हवेशी संयोग होऊन कोंदट जागी उष्णता साठत जाते. निपाणीच्या तंबाखूची विडी खिशात चालेल, ओढता मात्र येणार नाही. आणि तिच्या सोबतीची काडेपेटी तर सुरक्षा-तपासणीच्या पुढेच जात नाही. गिर्यारोहकांचा शेगडीचा गॅस हातातही चालत नाही आणि पोटातही चालत नाही. शेगडी नेता येते, परंतु इंधनाचा वाससुद्धा राहू नये इतकी स्वच्छ करून.

तथापि आजचा खरा प्रश्न लिथियम बॅटरीचा आहे. मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा, ड्रोन, सायकलवरील दिवा, मनगटावरील घड्याळ, सर्वत्र तीच आहे. तिच्या आत दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि सभोवती ज्वलनशील द्रव. आघाताने, सदोष बांधणीने किंवा अतिभाराने तो पडदा फाटला, की आतल्या आत विजेचा मार्ग जुळतो, उष्णता वाढते, ती उष्णता शेजारच्या कोशास पेटविते, आणि ही साखळी थांबत नाही. विशेष हे, की धन ध्रुवातील द्रव्य तापले असता स्वतःच प्राणवायू सोडते. म्हणून हवा कोंडून ही आग सहजी विझत नाही. तिला पाणी ओतून थंड करावे लागते. सामानकक्षातील अग्निशामक वायू ज्वाळा दाबून टाकील, पण ही साखळी तोडीलच असे नाही. प्रवासीकक्षात मात्र कर्मचारी आहे, पाणी आहे, आणि धूर पाहणारे डोळे आहेत. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक पोटात न देता जवळच ठेवाव्यात, ह्या नियमाचे कारण एवढेच.

ह्या सावधगिरीची किंमत जगाने मोजली आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एक मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या मालास लागलेल्या आगीमुळे कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते जमिनीवर असतानाच, एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी ती विझविली आणि कोणास इजा झाली नाही. तीच पॉवर बँक पोटातील पेटीत असती तर काय झाले असते, ह्याची कल्पना प्रत्येकाने करावी. त्यानंतर आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात न ठेवता जवळ ठेवण्याचे आणि उड्डाणात तिच्यावर यंत्रे भारित न करण्याचे निर्बंध घातले.

बॅटरी किती मोठी चालते, हे ठरविण्यास साधा गुणाकार पुरतो. मिलिअँपिअर-तासांचा आकडा हजाराने भागावा आणि व्होल्टने गुणावे; येणारे उत्तर वॅट-तास. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास भरते. १०० पर्यंत परवानगी लागत नाही; १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच; १६० च्या पुढची प्रवाशास नेताच येत नाही. विजेच्या सायकलीची बॅटरी बहुधा तीनशेच्या पुढे असते, म्हणून ती सायकल विमानाने नेण्याचा विचार सोडावा. ज्या बॅटरीवरचे आकडे पुसले गेले आहेत, तीही घरीच ठेवावी. तपासनीस अंदाजावर विश्वास ठेवीत नाही. सुट्या बॅटरीच्या टोकांस चिकटपट्टी लावावी, म्हणजे किल्ल्या-नाण्यांशी स्पर्श होऊन ठिणगी पडणार नाही.

येथे लहान विमानांच्या प्रवाशांस एक विशेष सूचना. वरचे कप्पे लहान असल्याने हातातली बॅग ऐनवेळी, विमानाच्या शिडीपाशी, पोटात ठेवण्यासाठी मागून घेतली जाते. त्या घाईत आतली पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या काढून घेण्यास विसरू नये. नियम पाळून निघालेला प्रवासी नकळत नियम मोडतो, तो नेमका ह्या क्षणी.

परदेशाहून येणाऱ्या आप्तांस आणखी एक गोष्ट आवर्जून कळवावी. उपग्रहाशी थेट बोलणारे फोन आणि संदेशयंत्रे परवानगीवाचून भारतात आणता येत नाहीत. पाश्चात्त्य देशांत डोंगर चढणारे आणि लांब पल्ल्याचे धावपटू ती सर्रास बाळगतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी एका परदेशी महिलेस पोलीस-कारवाईस तोंड द्यावे लागले. ड्रोनचेही तसेच: फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. उलट येथून किमती कॅमेरा घेऊन बाहेर जाणाऱ्याने निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून नोंदीचा दाखला घ्यावा. म्हणजे परतताना आपल्याच वस्तूवर कर भरण्याची पाळी येत नाही.

वाद्यांविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. ज्या परिसरात सुळेभावीस कुमार गंधर्व जन्मले आणि शेजारच्या मिरजेत सतार-तंबोऱ्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राबले, तेथे हा प्रश्न घरगुती आहे. तंबोऱ्याचा भोपळा वाळलेला, पातळ आणि ठिसूळ. त्यास दुरुस्ती असते, पण पहिला नाद परत येईलच असे नाही. तारा सैल कराव्यात, घोडी काढून वेगळी ठेवावी, भोपळ्याभोवती मऊ भरण आणि बाहेर कठीण पेटी असावी. ज्यास ऐपत आहे त्याने वाद्यासाठी शेजारचे आसन घ्यावे. कंपनीस आधी विचारल्यास तशी सोय पुष्कळदा होते.

शेवटी भरपाईचा प्रश्न. आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. प्रवाशांच्या सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात सामान हरविले किंवा मोडले, तर भरपाईची मर्यादा २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे ढोबळ मानाने दोन हजार डॉलर, इतकी आहे. लाखो रुपयांची रायफल किंवा आजोबांचा तंबोरा ह्या आकड्यांत बसत नाही. म्हणून मूल्यवान वस्तूचे मूल्य चेक-इनच्या वेळी लेखी जाहीर करावे, शक्य तर विमा उतरवावा, आणि बांधण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत. पेटी फुटलेली आढळल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून प्रत घ्यावी; आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीच्या तक्रारीस सात दिवसांचीच मुदत असते.

श्रोतेहो, खेड्यातल्या तालमीतून किंवा शाळेच्या मैदानावरून निघालेला मुलगा जेव्हा प्रथम विमानात पाऊल ठेवतो, तेव्हा त्याच्या पेटीत केवळ साहित्य नसते. घरच्यांनी काटकसरीने जमविलेले पैसे आणि कैक वर्षांचा सराव त्यात बांधलेला असतो. ती पेटी मुक्कामी शाबूत पोचणे हा खेळाचाच एक भाग आहे, आणि त्याची तयारी निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तिकीट काढण्याच्या दिवशीच सुरू होते. कंपनीस विचारावे, बॅटरीवरचा आकडा वाचावा, वस्तू लपवू नये, आणि वेळ हाताशी ठेवावा. एवढे केल्यास तपासनीसाच्या प्रश्नांची धास्ती उरणार नाही; कारण त्याचे प्रश्न आपण आधीच स्वतःस विचारलेले असतील.